धोतर पांढरं धरलं तर

आमच्या संघटनेच्या पत्रकात रंग दोनच असायचे, काळा आणि लाल. शहागंजच्या मागच्या गल्लीत एका खोलीत आम्ही ते स्क्रीन प्रिंटिंगनं स्वतः छापायचो. लाल हवा असला की लाल शाईचा डबा उघडायचा. डब्यात जो लाल तोच कागदावर, तोच भिंतीवर, आणि तोच आठवडाभर नखांत. तुमचा लाल खरा कशावरून, असं कुणी विचारायचं नाही. मी कॉलेजात असल्यापासून तेच करत आले. त्यामुळं रंग ही सिद्ध करायची गोष्ट असते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पाणी पिवळं असेल तर फोटो काढायचा. फोटोत ते पिवळं दिसेल, बघणाऱ्याला लाज वाटेल, टँकर सुरू होईल. मला सगळं एवढं सरळ वाटत होतं. आजही वाटतं की ते एवढं सरळच असायला हवं होतं.

शेंद्र्याच्या पलीकडं, कंपन्यांच्या कुंपणाला वळसा घालून गेलं की एक वस्ती आहे. मेंढपाळांची घरं. निम्म्यांनी मेंढरं मोडून कंपनीत कंत्राटावर काम धरलेलं, निम्म्यांची मेंढरं अजून होती पण चारा नव्हता. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. आजूबाजूच्या गावांना टँकर सुरू झाले, या वस्तीला नाही. कारण सांगायचे ते असं, की ज्या वस्तीला पाण्याचा उद्भव, म्हणजे विहीर-बोअर, काहीच नाही तिला टँकर. या वस्तीला विहीर आहे आणि विहिरीत पाणी आहे.

पाणी होतं, हे खरंच होतं. ते पिवळं होतं. हळदीचा हात धुतल्यावर येतं तसं. वास येत होता, प्यायलं की पोटात कळ यायची, मेंढरंसुद्धा तोंड लावून मागं सरायची. कशानं पिवळं झालं ते मला माहीत नाही. वस्तीत कुणी कंपन्यांकडं बोट दाखवायचं, कुणी म्हणायचं पातळी खाली गेली की खडकातलं असंच येतं. तपासणीला नमुना गेला होता आणि अहवाल येत होता. सगळा उन्हाळा तो येतच होता.

मी बाटली भरून कार्यालयात नेली. ज्यांच्या सहीनं टँकर सुटायचा ते साहेब म्हणाले, "बाटलीत काय, कुणीही हळद कालवून आणेल."

"मग तुम्ही या बघायला."

"मॅडम, अख्खा तालुका टँकर मागतोय. माणसं कुठून आणू? जागेवरचे फोटो द्या. विहीर दिसली पाहिजे, माणूस दिसला पाहिजे, पाणी दिसलं पाहिजे. बुधवारी वस्तीच्या लोकांनाही घेऊन या, बसून निर्णय करू."

मला ते बोलणं मोठं न्याय्य वाटलं. फोटो तर फोटो.

वस्तीवर माझी उठबस एका घरात होती. त्या घरात म्हातारे आबा, त्यांची सून आणि मुलगा. मुलगा कंपनीत पाळीवर असायचा, म्हणून मी ओळखत होते ते आबांना आणि सुनेला. सुनेला मी काकू म्हणायचे. त्या माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या, पण पाण्यानं आणि उन्हानं त्यांना तसं करून ठेवलं होतं.

एका मैत्रिणीचा कॅमेरा गळ्यात घालून मी पोचले. काकूंनी अंगण झाडून घेतलेलं, पितळी हंडा घासून झळझळीत केलेला. मी हंड्यात डोकावले तर तळ दिसत होता.

"काकू, हे कुठलं पाणी?"

"विहिरीचंच की."

"मग पिवळं कामून नाय?"

"काल सांजच्यालाच शेंदून ठेवलं. तुरटी फिरवली, दुहेरी फडक्यातून गाळलं. तुम्ही येणार, फोटू काढणार, ते सायबाला दाखवणार. तसंच ठेवू व्हय?"

"अहो काकू, तसंच तर दाखवायचंय! घाण दाखवायची आहे!"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना भर बाजारात डोक्यावरचा पदर काढायला सांगितला आहे. "आपल्या हातानं?" त्या म्हणाल्या. "लोकाला दावायला?"

मी त्यांना समजावलं. म्हणजे माझ्या मते समजावलं, मोठ्यानं बोलले. शेवटी त्यांनी पोहरा सोडला, ताजं पाणी ओढलं आणि बाजूला झाल्या. "मी नाय उभी राहत त्या पाण्यासंगं. आबाला घ्या."

आबा तयारच होते. त्यांना कुणी सांगायच्या आधी त्यांनी लाल पागोटं बांधलं होतं आणि कालचं धुतलेलं धोतर नेसलं होतं. विहिरीच्या काठावर ते ताठ उभे राहिले. मी त्यांच्या हातात काचेचा ग्लास दिला, त्यात ते पाणी, आणि सांगितलं की ग्लास असा मांडीजवळ, धोतरापुढं धरा. मागं पांढरं असलं की पिवळं उठून दिसतं, एवढी अक्कल मला पत्रकं छापून आली होती.

"हसू का?" आबांनी विचारलं.

"नका हसू. तक्रारीचा फोटो आहे."

"तक्रार पाण्याची हाय. माझ्या तोंडाची कशाला?" असं म्हणून ते हसलेच.

मैत्रिणीनं कॅमेरा देताना सांगितलं होतं की मेनूत दोन कलर स्पेस आहेत, एक लहान, एक मोठी. मोठीत जास्त रंग मावतात. मी अर्थात मोठी घेतली. मोर्चा असो, बॅनर असो की रंगाची जागा, कमी घ्यायची आम्हाला सवयच नव्हती.

संघटनेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले. पाणी असं पिवळं जहर दिसलं की आम्ही सगळे खुर्च्या ओढून पुढं सरकलो. कुणीतरी शिवी दिली. बरं वाटलं. इतकं पिवळं बघून बरं वाटावं, हे लिहिताना कसंसंच होतं, पण वाटलं खरं.

मंगळवारी दुपारी मी पेन ड्राइव्ह घेऊन शहागंजात एका कलर लॅबमध्ये गेले. लॅबवाल्या चाचांना मी बरीच वर्षं ओळखत होते. त्यांचं काम लग्नांचं. एकीकडं अल्बम, शेजारच्या गाळ्यात फ्लेक्स. त्यांच्याकडून फोटोत आलेली नवरी कधी सावळी नसायची, नवऱ्याच्या गालावर कधी खड्डा नसायचा. कुणी सांगावं लागत नसे, ते हातासरशी व्हायचं. भिंतीवर जालना रोडला लागणार असलेल्या एका जाहिरातीचे तुकडे चिकटवलेले होते. फ्लॅटची स्कीम, आणि खाली पोहण्याचा तलाव, निळाशार. एकाच तलावाचे चार निळे, एकावर पेनानं बरोबरची खूण.

चाचांनी नमुन्याला एक फोटो काढून दिला. मी बघितला तर पाणी मातकट. पागोटं विटकरी. आबांचं तोंड आजारी माणसासारखं.

"चाचा, हे काय काढलं? आमच्या कॉम्प्युटरवर पिवळं धमक होतं."

"बाजी, तुमारा कॉम्प्युटर मैं ने देखा क्या? उजाला कित्ता रखा उसका?"

"पूर्ण."

"हौ. तो वो मॉनिटर नहीं, हॅलोजन है." ते हसले. मग त्यांनी फाइल उघडून बघितली आणि मराठीवर आले. ते समजावून सांगायचे तेव्हा मराठीत सांगायचे. "हे बघा, फोटो तुम्ही मोठ्या कलर स्पेसमध्ये काढला. माझं मशीन लहान धरूनच चालतं. मोठ्यातले आकडे लहान समजून वाचले की सगळे रंग असे मरगळून जातात. फोटो बरोबर आहे, मशीन पण बरोबर आहे, दोघांची बोली वेगळी. आधी बदलून घ्यावं लागतं."

त्यांनी बदलून घेतलं. पिवळा परत आला. आमच्या खोलीतला जहर पिवळा नव्हे, पण विहिरीवर मी बघितला होता त्याच्या जवळचा. मला हायसं वाटलं आणि लगेच राग आला. एक माणूस घाण पाणी हातात धरून उन्हात उभा राहतो, तेवढं पुरत नाही. त्याला आधी लहान जागेत बसवा, मशीनच्या बोलीत आणा, मग त्याचं पाणी पिवळं.

"तुमच्या मशीनला निळं पाणी छापायची सवय आहे," मी भिंतीकडं बोट करून म्हणाले.

"मशीनकू क्या मालूम पानी है? मशीनकू आकडे मालूम." चाचा जरा दुखावले. "वो बिल्डर यहाँ बैठ के निळा जुळवून गेला. चार वेळा काढायला लावलं. तुम्ही पण बसा. मैं ना बोला क्या?"

मी बसले. आणि बसल्यावर मला नवी धास्ती लागली. फोटो संध्याकाळकडं कललेल्या उन्हात काढलेला. साहेब म्हणतील, उन्हाचा पिवळा आहे. बाटलीत हळद म्हणणारा माणूस हे म्हणणारच. मी चाचांना तसं बोलून दाखवलं.

"तो उसका इलाज है," चाचा म्हणाले. "उजेडाचा रंग काढून टाकायचा. फोटोत जी चीज खरोखर पांढरी आहे तिच्यावर माउसनं हे ड्रॉपर ठेवायचं, मशीनला सांगायचं की हे पांढरं. मग उजेड कुठलाही असो, बाकीचे सगळे रंग आपोआप जागेवर येतात. मग कोई नहीं बोल सकता के लाइट पीली थी."

"पण पाण्याचा पिवळा कमी नाही करायचा."

"पिवळ्याला हात पण नाही लावणार. कसम से. सिर्फ सफेद को सफेद. बोलो, इसमें सफेद क्या है?"

"धोतर," मी म्हणाले.

चाचांनी स्क्रीनकडं बघून मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं धुतलेलं धोतर. त्याहून पांढरं आपल्याकडं काय असतं?

पण मशीनवर एका लग्नाचा अल्बम चालू होता, तो निघाल्याशिवाय आमचं होणार नव्हतं. मला निवेदन टाइप करून घ्यायचं होतं, वस्तीवर निरोप धाडायचा होता. चाचा म्हणाले, "जाओ तुम. सगळ्या फोटोंना एकच सेटिंग लावून देतो. सकाळी पाकीट घेऊन जा."

सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं होतं. चाचांनी खालूनच पाकीट दिलं आणि म्हणाले, "बढ़िया आया, बाजी. बुजुर्ग एकदम नवाब लगते." मी धावतच रिक्षात बसले. चिकलठाण्याच्या अलीकडं सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पाकीट उघडलं.

आबा खरंच नवाब दिसत होते. धोतर असं पांढरं की बघवेना. पागोटं आमच्या पत्रकातल्या लालसारखं. मागचं आकाश निळं झालेलं. आणि मांडीजवळच्या ग्लासात पाणी होतं. नुसतं पाणी. थोडी पिवळट झाक होती, पण ती काचेची असावी असं वाटण्याइतकी. बादलीचा फोटो, पोहऱ्याचा फोटो, विहिरीत वाकून काढलेला फोटो, सगळे तसेच. कुणीही तोंड लावून प्यावं असं.

मला वाटलं, रिक्षाच्या टपाची सावली असेल. मी फोटो बाहेर उन्हात धरला. उन्हात तो जास्तच स्वच्छ दिसला.

चाचांनी कसम मोडली नव्हती. त्यांनी पिवळ्याला हात लावलाच नव्हता. हे मला तिथं, सिग्नलवर, रिक्षावाला "मॅडम, फोटो उडेल" म्हणत असताना कळलं. ते धोतर वर्षभर त्याच विहिरीच्या पाण्यात धुतलं जात होतं. आम्ही सगळे ते पांढरं म्हणत होतो म्हणून ते पांढरं होतं. मशीनला सांगितलं, हे पांढरं. मशीननं ऐकलं. धोतरातला पिवळा काढून टाकायचा तर फोटोतला सगळाच पिवळा काढावा लागतो, तो त्यानं काढला. पाण्याचाही. आबांच्या तोंडावरचाही.

परत फिरायला वेळ नव्हता. दुकानात जाऊन तरी काय केलं असतं, मशीन तापायलाच तास लागतो. मी रिक्षावाल्याला पुढं घ्यायला सांगितलं.

कार्यालयाच्या आवारात निंबाखाली आबा आणि काकू येऊन बसलेले होते. आबांनी तेच पागोटं आणि तेच धोतर घातलं होतं, मोठ्या कामाला निघताना घालतात तसं. मला वाटलं होतं, पाकीट दाखवायचंच नाही. पण आबांनी हात पुढं केला.

त्यांनी फोटो लांब धरला, मग जवळ आणला. तोंड उघडं राहिलं. "आरं तिच्या!" ते म्हणाले. "हा म्या हाय?"

"तुम्हीच, आबा."

"लई झ्याक काढला. गोरा दिसतो की. अन् धोतर बघ, सूनबाई, धोतर बघ कसं दिसतंय. लगनात असं नव्हतं माझं."

काकूंनी फोटो घेतला. त्यांनी धोतर बघितलं नाही. त्यांनी ग्लास बघितला, बराच वेळ. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "ताई, हे पाणी कुठलं?"

मी सांगायला लागले, उजेड, मशीन, ड्रॉपर. काकूंनी मान डोलवली, पण डोलवायची म्हणून. त्यांच्या लेखी त्यांनी गाळलेलं पाणी मी ओरडून बाजूला ठेवायला लावलं होतं आणि स्वतः शहरात जाऊन जास्त चांगलं गाळून आणलं होतं.

आत आमचा नंबर लागला. साहेबांसमोर फोटो ठेवायचे की नाही हा प्रश्नच राहिला नाही, कारण आबांनीच ठेवला. दोन्ही हातांनी, प्रसाद ठेवावा तसा.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा लावला, सगळे फोटो एकेक करून बघितले, आणि खरोखर गोंधळून विचारलं, "यात पाणी खराब कुठाय?"

"सर, छपाईत गेलंय. हे बघा." मी मोबाईलवर घेऊन ठेवलेला तोच फोटो उघडून दाखवला. मोबाईलवर पाणी पिवळं होतं. आबांचं तोंडही पिवळं होतं, भिंतही, आकाशाचा कोपराही.

"यात तर सगळंच पिवळं आहे," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःचा मोबाईल माझ्याकडं वळवला. डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी स्क्रीनला पिवळट उजेड लावून ठेवला होता. "माझ्या मोबाईलमध्ये माझी मुलगीसुद्धा पिवळी दिसते. कावीळ झाली म्हणू का तिला?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी पाकिटातून चाचांचा पहिला नमुनाही काढला, मातकट आलेला. का काढला देव जाणे. वाटलं असेल की त्यात निदान पाणी घाण तरी दिसतं. आता टेबलावर एकाच ग्लासातलं पाणी तीन रंगांत होतं. साहेबांनी तिन्ही फोटो ओळीनं लावले आणि मान वर केली. "यातला खरा कुठला मॅडम? तुम्हीच सांगा. मी कशावर सही करू?"

पत्रकात याला उत्तर असतं. पत्रकात आम्ही मोठ्या अक्षरात लिहितो आणि खाली उद्गारचिन्ह देतो.  मग मला सुचलं. खरा रंग खोलीतच उभा होता, आबांच्या कमरेला.

मी निवेदनाच्या मागचा कोरा कागद घेतला आणि आबांच्या मांडीजवळ धोतरावर धरला. "सर, इकडं बघा. हा कागद पांढरा आणि हे धोतर. बघा फरक. हे धोतर त्याच विहिरीत धुतात. हे पांढरं नाहीच. म्हणूनच तर फोटो चुकला. पाण्यानं हे असं पिवळं केलंय!"

आणि फरक दिसत होता. ट्यूबलाइटमध्येसुद्धा दिसत होता. कागदाशेजारी ते धोतर जुन्या वर्तमानपत्रासारखं होतं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, चष्मा पुढं करून बघायला लागले. शेजारच्या टेबलावरचेही वळले. सगळं कार्यालय आबांच्या धोतराकडं बघत होतं.

आबांनी सोगा ओढून घेतला आणि एक पाऊल मागं सरले.

"पोरी," ते म्हणाले, "धोतर पांढरं हाय माझं."

"आबा, तसं नाही, पाण्यामुळं..."

"कालच धुतलंय. सून रोज धुती. आमच्या घरात मळकं नेसत न्हाईत." हे ते मला नाही, साहेबांना सांगत होते. "सायेब, गरीब असलो तरी सोच्छ राहतो. फोटूत बघा की. पांढरंफेक हाय."

मी काकूंकडं बघितलं. वाटलं, त्या तरी बोलतील. काकूंनी पदर ओढून घेतला होता आणि त्या फरशीकडं बघत होत्या. धोतर धुणाऱ्या त्याच होत्या. सगळ्या कार्यालयानं ज्याच्याकडं टक लावून बघितलं होतं ते त्यांच्या हाताचं काम होतं.

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. ते म्हणाले, "आजोबा स्वतः सांगताहेत पांढरं आहे. फोटोतही पांढरं आहे. मग पाणी फोटोत दिसतं तसंच असणार ना मॅडम? मी अहवालाची वाट बघतो. तुम्हीही बघा."

बाहेर निंबाखाली मी खूप बोलले. बहुतेक आबांवर ओरडलेच. एक शब्द, फक्त एकदा व्हय म्हणाले असते तर टँकर आला असता. आबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू लेकीसारखी. पर चारचौघांत माणसाच्या कपड्याला असा कागद लावत न्हाईत." आणि साहेबांनी परत दिलेला फोटो त्यांनी बंडीच्या खिशात, वाकणार नाही असा, ठेवला.

टँकर त्या उन्हाळ्यात आला नाही. अहवाल पाऊस पडून गेल्यावर आला. तोवर विहिरीत नवं पाणी उतरलं होतं आणि अहवालाला कुणी हात लावला नाही.

मधल्या महिन्यांत वस्तीतल्या बाया जालना रोडच्या बाजूला जायच्या. तिथं ती फ्लॅटची स्कीम उभी राहत होती, चाचांकडं छापलेला निळा तलाव मोठ्या फलकावर चढला होता आणि फलकाखाली बांधकामाचा नळ होता. वॉचमन पिशोरकडचा होता, त्याच्या गावाकडंही टँकरच होता. तो दुपारी जेवायला बसायचा तेव्हा इकडं पाठ करून बसायचा, तेवढ्यात घागरी भरायच्या. मी एकदा काकूंसोबत गेले. फलकावरचा निळा ठरवून काढलेला होता तसाच होता, उन्हात एवढासाही उतरला नव्हता. काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही.

मी चाचांकडं परत गेले होते. भांडायला गेले आणि शिकून आले, कारण भांडण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून दिला आणि सांगितलं, प्रत्येक फोटोत हा कोपऱ्यात धरायचा, याला पांढरं म्हणायचं, दुसऱ्या कशाला नाही. कॅमेरा मैत्रिणीकडं परत गेला होता, म्हणून आबांचा तोच फोटो मी नीट करून घेतला. एका फोटोत आबांच्या पाठीमागं माझ्या पिशवीतून कोरे कागद डोकावत होते, तो कागद पांढरा धरला आणि तेच आकडे बाकीच्यांना लावले. पाणी जसं होतं तसं आलं. धोतरही जसं होतं तसं आलं.

तो फोटो घेऊन मी वस्तीवर गेले. काकू चुलीपाशी होत्या. मी म्हणाले, "काकू, हा खरा आहे. हा घेऊन परत जाऊ. अर्ज मी लिहिते."

त्यांनी ओले हात पुसून फोटो घेतला. या वेळी त्यांनी ग्लास नाही बघितला, धोतर बघितलं.

"ह्यो नको," त्या म्हणाल्या.

"अहो, पण पाणी यातच दिसतंय."

"पाणी दावा की. धोतर दावू नका. बघणारा म्हणंल, सून धड धुत नाय."

"धोतर काढलं तर शेजारी ताडून बघायला काही राहत नाही, काकू. मग ते परत म्हणतील उजेडाचा रंग आहे."

"तर मग म्हणू द्या," काकू म्हणाल्या आणि फोटो उलटा करून माझ्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी चहा टाकला. नळाचं पाणी होतं, त्यांनी मुद्दाम सांगितलं, "तिकडलं हाय, प्या."

आबा बाहेरून आले. कार्यालयातला तो फोटो त्यांनी मुलाकडून काचेच्या चौकटीत बसवून घेतला होता. दारासमोरच्या भिंतीवर, आत येणाऱ्याला पहिला तोच दिसायचा. पांढरंफेक धोतर, निळं आकाश, हातात स्वच्छ पाण्याचा ग्लास.

"मागून हाच लावायचा," त्यांनी मला सांगितलं. मागून म्हणजे ते गेल्यावर. "पोराला सांगून ठेवलंय. दुसरा हुडकायला नको. एक कापी लेकीकडं धाडायचीय, पिशोरला. काढून देशील का? हाच, असाच. त्यात काय बदलू नको."

माझ्या पिशवीत दोन्ही फोटोंच्या फाइली होत्या. मी म्हणाले, "देते, आबा."

मेंढरं नुकतीच आत आली होती, घरभर धूळ उडाली होती. आबांनी चौकट खाली काढली, मांडीवर घेतली आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसायला लागले.